कंपनीची वही चाहत्याने का लिहावी?

ला रू या नावाने गाणाऱ्या एली जॅक्सन या ब्रिटिश गायिकेचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ हा दुसरा अल्बम फ्लॉप होता, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. सांगणारे तिच्यावर डूख धरून बसलेले नसतात, चाहतेच असतात. ‘मला आवडतो हां, पण फ्लॉप झाला बिचारीचा,’ असा तो हळहळीचा सूर. मला नेमका या हळहळीचा राग येतो. आवडलेल्या गोष्टीबद्दल बोलायला तोंड उघडायचं आणि आधी तिच्या खपाबद्दल दिलगिरी व्यक्त करायची, ही सवय आपल्याला लावली कोणी?

आधी अल्बमबद्दल बोलू, कारण ‘फ्लॉप’ म्हणून झाल्यावर त्याबद्दल बोलायचं सहसा राहूनच जातं.

२००९ साली ला रूचा पहिला अल्बम आला तेव्हा ती जोडी होती: गायला आणि लिहायला एली जॅक्सन, सोबत लिहायला आणि निर्मितीला बेन लँगमेड. त्यातलं ‘बुलेटप्रूफ’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत आठव्या. ‘इन फॉर द किल’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. वर्षातल्या उत्तम अल्बमसाठी असलेल्या ब्रिटनच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत अल्बमचं नाव आलं आणि २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक-डान्स विभागातलं ग्रॅमीही मिळालं. वयाची पंचविशीही न ओलांडलेली, केशरी केसांचा तुरा उभा केलेली ही मुलगी कान्ये वेस्टच्या गाण्यांत आवाज देऊ लागली. त्या पहिल्या अल्बमचा आवाज अजून कानात आहे. पातळ, थंड, सुरीसारखे सिंथ (सिंथेसायझरचे यांत्रिक स्वर) आणि त्यांच्यावर तितकाच टोकदार फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वर नेलेला बारीक आवाज. आवाजाला मांस नव्हतंच, सगळी हाडं. त्या वर्षी ते फार ताजं वाटलं होतं.

मग तो फॉल्सेटोच तिला लागेनासा झाला. सततच्या दौऱ्यांत कधीतरी गळा बंद व्हायला लागला. दुखणं गळ्याचं नव्हतं. मंचावर उभं राहायच्या धास्तीने गळा आवळला जात होता, हे तिने नंतर मुलाखतींत उघडपणे सांगितलं. याच काळात लँगमेडशी फाटलं आणि २०१२ मध्ये तो बाजूला झाला. त्याच्याबरोबर लिहिलेली काही गाणी दुसऱ्या अल्बममध्ये राहिली, पण अल्बम पुरा झाला तो इयन शेर्विन या सहनिर्मात्याच्या सोबतीने. पहिल्यानंतर तब्बल पाच वर्षांनी, २०१४ च्या जुलैत तो बाजारात आला. नऊ गाणी, चाळीस मिनिटांच्या थोडं वर.

पहिलंच गाणं ‘अपटाउन’ नव्हे, ‘अपटाइट डाउनटाउन’ (माझी जीभ दर वेळी घसरते). गिटारची खरवडल्यासारखी तुटक लय सुरू होते, खाली बास डोलायला लागतो, आणि पहिल्या अल्बमची सुरी कुठे गेली असं वाटेपर्यंत आपण मान हलवत असतो. गाण्यामागे २०११ च्या ऑगस्टमधल्या लंडनच्या दंगली आहेत. जॅक्सन ब्रिक्स्टनची, दुकानं फुटली ती तिच्याच भागात. एरवी अशा विषयावर गायक मंडळी कपाळाला आठ्या घालून गातात. हिने त्याचं नाचायचं गाणं केलं आणि त्यातली अस्वस्थता लयीतच मुरवली. दंगलीच्या रात्री रस्त्यावर भीती आणि जत्रा दोन्ही असतात, हे मला या गाण्यात जितकं ऐकू येतं तितकं अग्रलेखांत वाचायला मिळालं नाही.

पुढची गाणी कॅरिबियन उन्हात वाळत घातल्यासारखी. ‘ट्रॉपिकल चान्सर’मध्ये एका गोडबोल्या भामट्याची गोष्ट आहे आणि गिटार इतकी हलकी वाजते की त्या भामट्यावर आपलाही विश्वास बसावा. गायिका ग्रेस जोन्सने १९८० च्या सुमारास बहामातल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत स्लाय आणि रॉबी या जमैकन ड्रम-बासच्या जोडीबरोबर जे अल्बम केले, त्यांची हवा इथे उघड जाणवते, आणि ते लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. ‘सेक्सोथेक’मधल्या नवऱ्याचं पाऊल घरात ठरत नाही, त्याची जोडीदारीण वाट बघते, चाल मात्र इतकी खिदळती की दुःख दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं. ‘सायलेंट पार्टनर’ सात मिनिटांहून मोठं, धावतं, घाम काढणारं. शीर्षक वाचून ज्यांना तर्क लढवायचे त्यांनी लढवावेत. मला त्यातल्या बासची धाप पुरते.

आणि ‘लेट मी डाउन जेंटली’. हे गाणं सुरू होतं ते फक्त सिंथच्या पसरट स्वरांवर. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. ताल नाहीच. गाणं हळूहळू भरत जातं आणि मध्यावर चक्क थांबतं. पूर्ण शांतता. पहिल्यांदा ऐकणारा फोनकडे बघतो, संपलं की काय म्हणून. मग तेच गाणं ड्रम आणि बास घेऊन परत येतं, जणू मधल्या त्या दोन-चार सेकंदांत गाणारीने काहीतरी ठरवलं आहे. शेवटाकडे सॅक्सोफोन. सॅक्सोफोन म्हटला की ऐंशीच्या दशकाची नक्कल असा शिक्का मारायला लोक टपलेले असतात. इथे तो मानवी श्वास म्हणून आला आहे, इतकी वेळ यंत्रं ऐकल्यानंतर. गमावलेल्या आवाजाच्या जागी काय सापडलं, असं कुणी विचारलं तर मी हे गाणं ऐकवीन. पहिल्या अल्बममध्ये ती हे गाऊच शकली नसती. तिथे प्रत्येक ओळीला धार लावायची घाई होती.

सगळं सोनं नाही. ‘पॅरडाइज इज यू’ मला गुळचट वाटतं आणि शेवटचं ‘द फीलिंग’ अंगावर न बसणाऱ्या कपड्यासारखं, बाकीच्या अल्बमपासून सुटं. मधे एखादं कडक, उघडंबोडकं गाणं हवं होतं, असंही मला वाटतं. सगळ्यावर तुळतुळीत पॉलिश आहे. पण या तक्रारी गाण्यांच्या आहेत. ‘फ्लॉप’ ही गाण्यांबद्दलची तक्रारच नव्हे.

मग ती कशाबद्दलची? अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर आला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं, वर्षअखेरीच्या याद्यांत त्याला जागा मिळाली. पण ‘बुलेटप्रूफ’सारखं एकही गाणं रेडिओवर दिवसरात्र वाजलं नाही, आणि पुढे पॉलिडोर या बड्या कंपनीशी तिचं नातं संपलं. एवढ्यावरून फ्लॉप. पण देशातल्या लाखो रेकॉर्डांत सहावा येणारा अल्बम पडला असं म्हणायला तुमच्या हातात कंपनीची वही हवी. डावीकडे खर्च, उजवीकडे वसुली. त्या वहीत तो पडला असेल. पण ती वही तुमची नाही हो, माझीही नाही.

ही वही चालते कशी, हेही एकदा बघायला हवं, म्हणजे तिच्यातले निकाल कलेचे निकाल म्हणून डोक्यावर घ्यायची खोड जाईल. मोठ्या कंपनीशी करार होतो तेव्हा गायकाला आगाऊ रक्कम मिळते. ती बक्षीस नसते. गायकाच्या वाट्याच्या रॉयल्टीतून ती आधी वळती करून घेतली जाते, आणि स्टुडिओचा खर्चही बहुतेक करारांत त्याच खात्यावर चढतो. करार सहसा अनेक अल्बमचा लिहितात, पण पुढचा अल्बम करायचा की नाही हा पर्याय कंपनीच्या हाती. गायकाला सोडून जाता येत नाही, कंपनीला सोडून देता येतं. अशा व्यवहारात पहिला अल्बम तुफान चालला तर दुसऱ्याचं अंदाजपत्रक त्याच्या मापाने फुगतं, जाहिरातही फुगते, अपेक्षाही. मग सहावा क्रमांक हा तोटा ठरतो. तेच गाणं, तीच गायिका एखाद्या छोट्या लेबलवर असती तर सहाव्या क्रमांकाला पेढे वाटले असते.

आणखी एक गोष्ट या अल्बमच्या नशिबात होती. तो आला त्याच जुलै २०१४ मध्ये ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत स्ट्रीमिंग मोजायला सुरुवात झाली, शंभर वेळा वाजलं की एक विक्री या हिशेबाने. अल्बमच्या यादीत ते शिरलं २०१५ च्या मार्चपासून. म्हणजे गाणी नव्या काट्यावर, अल्बम जुन्या काट्यावर, अशा सांदीत हा अल्बम सापडला. लोकांनी सीडी विकत घेणं सोडलं होतं आणि ऐकण्याची मोजणी अजून धड बसली नव्हती. त्या आठवड्याच्या आकड्यावरून कोणी अल्बमची लायकी काढत असेल, तर त्याला कुठलीही पावती प्रमाणपत्र म्हणून खपवता येईल.

दुसऱ्या अल्बमचा इतिहास तर या आकड्यांची सरळ थट्टाच करतो. डेपेश मोड या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडचं उदाहरण घ्या. १९८१ मधल्या पहिल्या अल्बमवरची बहुतेक गाणी व्हिन्स क्लार्कची, आणि अल्बम येऊन फार दिवस झाले नाहीत तोच क्लार्क बाहेर पडला. उरलेल्यांनी वर्षभराच्या आत ‘अ ब्रोकन फ्रेम’ काढला. गाणी एकट्या मार्टिन गोरची. त्यातली काही पोरवयात लिहिलेली आणि ऐकताना ते कळतं. पुढे बँडमधल्यांनीच त्याला नाकं मुरडली. ब्रायन ग्रिफिनने टिपलेलं शेतात पीक कापणाऱ्या बाईचं मुखपृष्ठ आतल्या गाण्यांहून मोठं आहे, असं माझं मत. पण यादीतला क्रमांक? पहिला अल्बम दहावा, हा आठवा! वहीप्रमाणे प्रगती झाली. कानांप्रमाणे मुलं अजून चाचपडत होती.

याच व्हिन्स क्लार्कने तिथून बाहेर पडून गायिका ॲलिसन मॉयेटबरोबर याझू ही जोडी काढली. त्यांचा दुसरा अल्बम ‘यू अँड मी बोथ’ १९८३ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तोवर याझू मोडलंही होतं. दोघं स्टुडिओतसुद्धा बव्हंशी वेगवेगळ्या वेळी यायची. पहिल्या क्रमांकावर एक संपलेला संसार. आणि त्याच वर्षी युरिदमिक्स या जोडीचा दुसरा अल्बम जगभर गाजला, ज्यांच्या पहिल्याला कुणी विचारलं नव्हतं. ‘स्वीट ड्रीम्स’ हा तो अल्बम त्यांनी कर्ज काढून घेतलेल्या सामग्रीवर, उत्तर लंडनमध्ये तसबिरींच्या चौकटी बनवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर केला. पहिल्याच्या मापाने दुसऱ्याला पैसे मिळाले असते तर ते मिळाले नसतेच.

डेपेश मोडला ‘अ ब्रोकन फ्रेम’नंतर काय लाभलं ते महत्त्वाचं. म्यूट या लेबलचा डॅनियल मिलर आणि हे लोक यांच्यात लेखी करारसुद्धा नव्हता, नफा वाटून घ्यायचा एवढी तोंडी समजूत होती. मिलरने ‘क्लार्क गेला, आता यांचं काय’ असा हिशेब मांडला नाही. पुढच्याच वर्षी ते लोखंड-पत्रे बडवून आवाज टिपायला लागले आणि १९९० मध्ये ‘व्हायोलेटर’ या गाजलेल्या अल्बमपर्यंत पोचले. कलावंताला वेळ द्या, असं म्हणायची पद्धत आहे. पण यांना वेळ कुठे मिळाला? १९८७ पर्यंत तर दरवर्षी नाहीतर वर्षाआड अल्बम काढत होते ते. त्यांना मिळाली ती मोकळीक, चाचपडलेलं काम बाजारात आणून पुन्हा कामाला लागण्याची. जॅक्सनला पाच वर्षं वेळ मिळाला, मोकळीक कितपत मिळाली याची मला शंका आहे. ‘सुपरव्हिजन’ हा तिसरा अल्बम तिने २०२० मध्ये सुपरकलर या स्वतःच्या लेबलवर काढला, यातून काय ते समजावं.

आता यावर रास्त आक्षेप आहे. कलावंतालाही पोट आहे. विकलं गेलं नाही तर पुढचं कसं होणार, आणि चाहत्याला पुढचं हवं असेल तर त्याने विक्रीची फिकीर करायला नको का? करावी. खिशातून करावी. रेकॉर्ड विकत घ्या, तिकीट काढा, मित्राला ऐकवा. पैसे देणं आणि पैशाच्या भाषेत गाणं ऐकणं यात फरक आहे. आज आवडत्या गायिकेचा अल्बम येण्याच्या रात्री तिचे चाहते तो ऐकायच्या आधी पहिल्या दिवसाचे आकडे टाकायला लागतात, आकडा वाढावा म्हणून आवाज बंद करून रात्रभर गाणी चालू ठेवतात. आवाज बंद करून! कंपनीच्या विपणन खात्याने पगार देऊन माणसं ठेवली असती तरी इतकं निष्ठेने काम झालं नसतं. आपल्याकडे सिनेमाच्या पहिल्या तीन दिवसांच्या कोटींवर चहाच्या टपरीवर भांडणारे लोक काही वेगळे नाहीत. त्या कोटींतला एक रुपयाही ज्याच्या घरी येणार नाही, तो सर्वांत मोठ्याने भांडतो.

दुसरा आक्षेप मला जास्त मानावासा वाटतो. ‘बुलेटप्रूफ’वर जीव टाकणाऱ्याने या ऊबदार, सैलसर अल्बमवर का प्रेम करावं? त्याला ती सुरी हवी होती. हवी असणारच, आणि तो उठून गेला तर त्याला कोणी अडवू नये. ऐकणारा कुणाचा बांधील नाही. पण जाताना त्याने ‘हे माझ्यासाठी नाही’ एवढंच म्हणावं. तो म्हणतो ‘हे फसलं’. आपल्या आवडीला त्याला बाजाराची साक्ष लागते, कारण नुसत्या आवडीवर उभं राहायची त्याला लाज वाटते. आणि ज्यांना अल्बम आवडला तेही तीच साक्ष मान्य करून बसले आहेत, म्हणून तर ‘बिचारीचा’ हा शब्द.

मराठी ऐकणाऱ्याला खरं तर हे शिकवायला नको. क्षयाने पाच-सहा वर्षं गाणं बंद ठेवावं लागलेले कुमार गंधर्व १९५० च्या दशकात देवासहून पुन्हा मैफलीत आले तेव्हा गाणं बदललेलं होतं. लांब दमसासाच्या जागी छोट्या, जोरकस फेकी आल्या होत्या. त्यावरून केवढी भांडणं झाली, घराण्याच्या लोकांनी कपाळाला हात लावले, काहींचे ते अजून तिथेच आहेत. पण ती भांडणं रागाच्या मांडणीवरून, स्वरांच्या लगावावरून झाली. मी गाणाऱ्यांची तुलना करत नाही, तो अगोचरपणा होईल, ऐकणाऱ्यांची करतोय. गायकाचा आवाज बदलला तर बदललेल्या आवाजावर भांडावं, तिकीटबारीवर नव्हे, एवढी अक्कल आपल्या आजोबांना होती.

म्हणून ‘ट्रबल इन पॅरडाइज’वर मला भांडण हवं आहे. जॅक्सनने फॉल्सेटो बहुतांशी बाजूला ठेवला त्यात गाण्यांचं भलं झालं की नुकसान, यावर या. माझ्या मते भलं झालं, कारण खालच्या पट्टीत तिला शब्दांवर रेंगाळता येतं आणि विनोदही करता येतो. ‘किस अँड नॉट टेल’मधला चावटपणा वरच्या पट्टीत किंचाळला असता. उलट बाजूने कोणी म्हणू शकेल की सिंथ-पॉपची गंमतच माणूस आणि यंत्र यांच्यातल्या ताणात आहे, आणि इथे गिटार, बास, सॅक्सोफोन यांनी तो ताण सैल केला. मग हा डिस्को झाला, सिंथ-पॉप राहिला नाही. हा मुद्दा वजनदार आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरं उत्तर नाही. ‘सायलेंट पार्टनर’ पुढे करून मी थोडा वेळ खिंड लढवीन, कारण तिथे ताण शाबूत आहे.

आणि ‘सुपरव्हिजन’ काढलाच कोणी, तर मी पहिला बाजू बदलीन. आठ गाणी, जवळपास सगळी एकाच बेताच्या लांबीची, तीच चुरचुरीत गिटार, तोच वेग. पाचव्या गाण्यापर्यंत मला आधीचं कोणतं आणि आताचं कोणतं ते वेगळं काढता येत नाही. ‘इंटरनॅशनल वुमन ऑफ लेझर’ तेवढं ठसक्यात उभं राहतं. हा अल्बम स्वतःच्या लेबलवर, कुणाच्या वहीची भीती नसताना केलेला आहे, तरी माझ्या लेखी तो दुसऱ्या अल्बमच्या पासंगाला पुरत नाही. तुम्हाला पुरत असेल तर कुठल्या गाण्यात, कुठल्या वळणावर, ते सांगा.